टोचबाईंच्या दवाखान्यातला पलंग

गादीवाल्याच्या दुकानामागे एक अंगण आहे. तिथे कापूस निघालेले सोफे, फुटक्या खुर्च्या आणि मोडके बाक एकमेकांच्या अंगावर रेलून असतात. त्यांच्यातच भिंतीशी एक बुटका पलंग आडवा उभा करून ठेवलेला आहे. त्याचे हिरवे रेक्झिन चार ठिकाणी फाटले आहे. मित्रांनो, तो मी. माझ्या फळ्या काढायच्या की माझ्यावर नवे कापड चढवायचे, हे गादीवाल्याचे अजून ठरायचे आहे. ठरेपर्यंत मला वेळच वेळ आहे, म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगतो. माझी म्हणजे खरे तर एका मुलीची. पलंगाला स्वतःचे असे आयुष्य कुठे असते? जो येऊन निजेल त्याचे दुखणे, तेच त्याचे आयुष्य.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. जन्मभर दारे-खिडक्या केलेला तो माणूस, पलंग म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण ज्या डॉक्टरबाईंनी मला करायला सांगितले होते, त्यांनी त्याला अगदी भंडावून सोडले.

"माझ्या गुडघ्याएवढाच उंच हवा," बाई म्हणाल्या.

"अहो, रोज वाकून वाकून तुमची कंबर जाईल."

"माझी जाऊ दे. मुलाला जमिनीवरून आपलं आपण चढता आलं पाहिजे."

मग त्यांनी माझ्या कडांना चार बोटे उंच काठ मागितला, म्हणजे अंग झटकणारे मूल खाली घरंगळणार नाही. एका बाजूला, काठाच्याही वर, लहान मुठीत मावेल असा गोल दांडा मागितला. म्हाताऱ्याने तो दांडा तीन दिवस घासला. एखादे कूस राहिले आहे का, हे त्याने हाताने पाहिले नाही. डोळे मिटून त्यावरून आपला गाल फिरवला. "हात माझा राठ झालाय," तो म्हणाला, "त्याला काही कळत नाही. गालाला कळतं." मित्रांनो, तेवढे लाड माझे पुन्हा कोणी केले नाहीत.

दवाखाना एका रंगाच्या दुकानावर होता. बावीस पायऱ्यांचा अरुंद जिना आणि वर एकच खोली. खोलीला एक मोठी खिडकी होती. खालून दिवसभर टर्पेंटाइनचा वास यायचा. फडताळात सुयांची बंद पाकिटे, कापसाची बरणी, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा आणि टिकटिक करणारे एक छोटे घड्याळ. सुया टोचून वीस मिनिटे झाली की ते घड्याळ कर्कश वाजायचे.

बाईंनी मोठ्या इस्पितळात दहा वर्षे नोकरी केली होती, आणि मग ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचे उपचार, त्या शिकल्या होत्या. त्यांच्याकडे बहुतेक मुलेच यायची, आणि त्यांतली बरीचशी सेरेब्रल पाल्सीची. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला अवघड नाही. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा नंतर लगेच मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. मग मेंदूने पायाला सांगावे 'वाक' आणि पायाने ऐकावे 'ताठ हो', असा सगळा घोटाळा. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट होतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, जीभ शब्दाला लवकर वळत नाही. यातल्या काही मुलांना शिकणेही जड जाते. पण कितीतरी मुलांच्या आत सगळे लख्ख असते. बाहेर यायची वाट तेवढी अरुंद. हे मला कोणी शिकवले नाही. माझ्यावर निजलेल्या मुलांनीच शिकवले.

सुया केसासारख्या बारीक असायच्या. गुडघ्याखाली, पोटरीवर, अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात, कधी डोक्यावर भांगाच्या कडेने. टोचताना बाई मोठ्याने मोजायच्या आणि काढताना पुन्हा मोजायच्या. नऊ टोचल्या, नऊ काढल्या. मुले पहिल्या दिवशी भोकाड पसरायची, चौथ्या-पाचव्या दिवशी बाईंबरोबर आकडे म्हणायची. त्यांनीच बाईंचे नाव ठेवले, टोचबाई. बाईंना ते इतके आवडले की फोनवरसुद्धा त्या "हं, टोचबाई बोलतेय" म्हणू लागल्या.

मी नवा असताना, पहिल्याच वर्षी, भिंगरी आली.

भिंगरी हे तिचे घरातले नाव. पाच वर्षांची होती. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, मुठी मिटलेल्या, पण डोळे सारखे भिरभिर सगळीकडे, म्हणून भिंगरी. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात काजे-बटणे करायची. बावीस पायऱ्या मुलीला कडेवर घेऊन चढून आली होती. धापा टाकत तिने मुलीला माझ्यावर ठेवले आणि पहिला प्रश्न केला, "चालेल ना हो ही?"

"ते मला सांगता येणार नाही," टोचबाई म्हणाल्या. "मेंदूतली इजा सुईनं भरून येत नाही, हे आधी ऐकून ठेवा. पाय थोडे सैल पडतील, झोप बरी लागेल. तेही कदाचित. काही मुलांना गुण येतो, काहींना काडीचा येत नाही. आणि इस्पितळातले व्यायाम, सहा महिन्यांनी खुब्याचा एक्स-रे, हे सगळं चालूच ठेवायचं. सुया त्याच्या जोडीला. त्याच्या बदली नाहीत."

आईने मान डोलावली. पण बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि काडी किती बारीक आहे हे तो मोजत बसत नाही. तिच्या कानांत 'पाय सैल पडतील' एवढेच शिरले, हे मला तिच्या हातांवरून कळले. मुलीचा फ्रॉक सारखा करता करता ते हात एकदम घाईला आले होते.

पहिल्या सुईला भिंगरी अशी ताठ झाली की माझे चारही पाय करकरले. आई तिच्या कानाशी वाकली. "अगं, मी रोज हजार शर्टांना टोचते. एक तरी शर्ट रडला का?"

भिंगरीने तिच्याकडे पाहिले. तिचे तोंड उघडले, मिटले, मान एका बाजूला ओढली गेली. बराच वेळ गेला. मग तिने सांगितले, "श…र्ट… मे…ले…ला… अस…तो."

टोचबाई हसता हसता माझ्या काठावरच बसल्या. "ऐकलंत का? आपल्या दोघींपेक्षा हुशार आहे ही!" त्या दिवशी त्यांनी ते वाक्य पुरे होईपर्यंत हातातली सुई तशीच धरून ठेवली होती. तेव्हा दवाखान्यात गर्दी नव्हती.

मित्रांनो, पुढचे दीड वर्ष चांगले गेले. आठवड्यातून दोनदा मायलेकी यायच्या. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. इथे जायचा प्रश्नच नव्हता, तरी मुंगी थोडी हलली खरी. भिंगरीला रात्री सलग झोप लागू लागली. मुठी उघडू लागल्या. डाव्या पायाची टाच आधी टेकू लागली, मग उजव्याची. आणि एका सकाळी, सुया काढून झाल्यावर, तिने माझा दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि ती उभी राहिली. एक पाऊल. मग दुसरे. सहा पावले टाकून ती माझ्या पायथ्याशी पोहोचली आणि मटकन बसली. तिच्या तळहाताचा घाम माझ्या लाकडात मुरला. लाकडाला अभिमान वाटतो का, असे कोणी विचारले तर त्या सकाळपुरते मी हो म्हणेन.

आई तर रडत सुटली. तिने धावत जाऊन भिंगरीच्या बाबांना बोलावून आणले. बाबा नळदुरुस्ती करायचे. सुयांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. "टाकी गळतेय आणि तुम्ही भिंतीला टाचण्या लावताय," असे ते म्हणायचे. त्या दिवशी हातात पाना तसाच घेऊन ते दारात उभे राहिले, आणि भिंगरीने त्यांच्यासाठी ती सहा पावले पुन्हा टाकली. बाबांनी पाना खाली ठेवला आणि टोचबाईंना वाकून नमस्कार केला.

"अहो, हे काय करताय?" बाई मागे सरकल्या. "हे सुयांनी झालं, की व्यायामानं, की नुसत्या वाढत्या वयानं, मलासुद्धा सांगता यायचं नाही."

"मला सांगता येतं," बाबा म्हणाले.

इथूनच सगळे बिघडत गेले. पण त्या वेळी ते कोणालाच दिसले नाही. मलाही नाही.

बाबांनी काम केलेल्या घराघरांत भिंगरीची गोष्ट सांगितली. माणसे जिना चढू लागली. जिन्यावर रांग लागू लागली. कोणी मला हात लावून तो हात आपल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवायचे. मला पलंगाचा देवच करायला निघाले होते लोक. टोचबाई प्रत्येकाला खरे तेच सांगायच्या, पण रोज तीस जणांना सांगायचे म्हणजे वाक्ये आखूड होत जातात. 'व्यायाम चालू ठेवा' हे आधी त्या समोर बसवून सांगायच्या, मग सुया टोचता टोचता, मग दारातून. पुढे पुढे ते सांगितले आहे असे त्यांनी धरूनच चालायला सुरुवात केली.

आणि भिंगरीच्या घरी व्यायाम थांबले. तिला पाय ताणून घेणे आवडत नसे, दुखायचे. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, अर्धा दिवस जायचा आणि आईचा कारखान्यातला अर्धा दिवस बुडायचा. एकदा सुया काढता काढता बाईंनी विचारले, "व्यायाम चाललेत ना?" तेव्हा बाबांनी आईच्या आधीच "हो हो" म्हणून टाकले. बाई खोलीबाहेर गेल्यावर ते आईला म्हणाले, "कशाला छळायचं पोरीला? वॉशर बदलल्यावर नळ गळायचा थांबला ना, मग पाइप कशाला फोडायचा?" आईने मान डोलावली. तिलाही ते ऐकायचेच होते. एक्स-रेची तारीख आली नि गेली. पुढचीही गेली.

भिंगरी सात वर्षांची झाली, आणि माझ्यावर निजताना काहीतरी बदलले. पूर्वी तिचे ओझे माझ्यावर दोन्ही अंगांनी सारखे पडायचे. आता ती डाव्या कुशीला टेकायचे टाळू लागली. मांड्या उघडताना तिचे सगळे अंग दचकायचे. आणि दांडा धरून टाकलेली पावले सहाची चार झाली, चाराची दोन.

एका दुपारी सुया टोचायच्या आधी ती बोलू लागली. "आ…त…"

बाहेर जिन्यावर अकरा जण होते. खुर्चीत सुया टोचून बसवलेल्या दुसऱ्या मुलासाठी घड्याळ आधीच लावलेले होते. टोचबाईंनी आईकडे पाहिले.

"'आता नको' म्हणतेय," आई म्हणाली. "हल्ली फार कंटाळा करते सुयांचा."

भिंगरीने मान हलवली. पण तिची मान नेहमीच हलायची. "आ…त… दु…"

"पटकन आटपू हं, राणी," टोचबाई म्हणाल्या, आणि पहिली सुई टोचली. "एक."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा आईने वाक्य पुरे केले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. चौथ्या खेपेला ती काहीच बोलली नाही. नुसती खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. आई कौतुकाने म्हणाली, "बघा, आता शहाणी झाली."

मला कळत होते, मित्रांनो. तिच्या डाव्या खुब्याखाली माझे रेक्झिन ज्या तऱ्हेने दबायचे, तसे पूर्वी कधी दबले नव्हते. पण लाकूड ते. करकरण्यापलीकडे मला काय येते? मी करकरलो. टोचबाईंनी माझ्या स्क्रूंमध्ये तेल घातले.

आणखी दोन महिने गेले. एका सोमवारी पाऊस कोसळत होता आणि रांगेतली माणसे आलीच नव्हती. फक्त भिंगरी आली होती. टोचबाईंना सवड होती. त्यांनी सुयांचे पाकीट उघडण्याआधी सहज तिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले आणि गुडघे वर केले. डावा गुडघा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली होता. त्यांनी डावी मांडी बाहेर वळवायचा प्रयत्न केला. ती वळली नाही, आणि भिंगरीच्या घशातून असा आवाज निघाला की माझ्या फळ्यांपर्यंत तो गेला.

टोचबाईंचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला. "शेवटचा एक्स-रे कधी काढला?"

आई भिंगरीचा फ्रॉक सारखा करू लागली.

"अहो, कधी काढला?"

"झालं… दीड वर्ष झालं असेल."

"आणि व्यायाम?"

आई जमिनीकडे पाहत होती. टोचबाईंनी सुयांचे पाकीट न उघडताच फडताळात ठेवले, छत्री घेतली, आणि पहिल्यांदाच स्वतः भिंगरीला कडेवर उचलून त्या बावीस पायऱ्या उतरल्या. त्या तिला घेऊन थेट इस्पितळात गेल्या. मी दिवसभर रिकामा होतो. घड्याळ लावायलाही कोणी नव्हते.

मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीतून निसटले होते. अशा मुलांत हे हळूहळू होते, गुपचूप होते, म्हणूनच तर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून पाहायचे असते. सुयांनी ते बिघडवले नव्हते. पण सुयांच्या भरवशावर बाकी सगळे थांबले होते. हाड कापून पुन्हा बसवावे लागले. कमरेपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. हे सारे मला पुढे आईच्या तोंडून कळले. ती एकटीच आली होती. माझ्या काठावर बसली, आणि टोचबाई समोरच्या स्टुलावर.

"तुम्ही सांगितलं होतंत," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. मीच कानाडोळा केला."

"एकदा सांगितलं," टोचबाई म्हणाल्या. "रोज सांगायला हवं होतं. रोज बघायला हवं होतं. तिच्या पायावर हात तर माझाच होता ना?"

"ती 'आता नको' म्हणत नव्हती, डॉक्टरबाई." आई म्हणाली. "एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी ऐकलं. त्यांच्या मशीनला वेळ लागत होता, म्हणून त्या थांबल्या होत्या. त्यांच्यापाशी तिनं पुरं वाक्य सांगितलं. 'आत दुखतं.' एवढंच होतं हो ते. दोनच शब्द. मी तिची आई, आणि मला दोन शब्दांपुरता दम धरवला नाही."

टोचबाईंनी स्टूल पुढे ओढले. त्यांनी आईचा हात धरला. जाताना आईने विचारले, "वेळेवर दिसलं असतं तर?"

"कदाचित एवढं कापावं लागलं नसतं," बाई म्हणाल्या. "कदाचित तरीही निसटलं असतं. काही मुलांचं व्यायाम करूनही निसटतं. पण तिला इतके महिने दुखलं नसतं. हे मात्र नक्की."

त्यानंतर भिंगरी माझ्यावर कधी निजली नाही. दुखणे पुष्कळ कमी झाले, ती चाकाच्या खुर्चीत नीट बसू लागली, पण ती सहा पावले परत आली नाहीत. आईची पाठ बावीस पायऱ्यांना पुरी पडेना. बाबा एकदाच आले. खालच्या दुकानाचा नळ दुरुस्त करायला. टोचबाई जिन्यावर उभ्या होत्या. बाबांनी वर पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि पुन्हा नळाकडे वळले. काम झाल्यावर ते वर न बघताच गेले. नंतर बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, स्वतःशीच, "त्यांनाही ते 'हो हो' छळत असेल."

टोचबाई बदलल्या. आता त्या प्रत्येक मुलाचे गुडघे आधी मोजायच्या, एक्स-रेची तारीख विचारायच्या, आणि व्यायाम थांबवला असेल तर सुया टोचायला साफ नकार द्यायच्या. दिवसाला आठच मुले घ्यायच्या. मूल बोलू लागले की घड्याळ पालथे घालून ठेवायच्या. याने त्यांचे नाव व्हावे ना? झाले उलटेच. लोकांना अटी नको असतात. मागच्या गल्लीत कोणीतरी 'शंभर टक्के चालेल' अशी पाटी लावून दुकान थाटले, आणि आमच्या जिन्यावरची रांग तिकडे गेली. ज्यांनी मला लावलेला हात मुलांच्या डोक्यावरून फिरवला होता, तेच म्हणू लागले, "त्या पलंगावर एका पोरीचं वाटोळं झालं."

आठाची चार मुले झाली, चाराची दोन. माझे रेक्झिन उन्हाने तडकले. आणि मग बाईंच्या उजव्या हाताला कंप सुटला. केसाएवढी सुई आणि कापणारा हात, यांचे कसे जमणार? त्यांनी दवाखाना बंद करायचे ठरवले.

शेवटच्या दिवशी दोन हमालांनी मला जिन्यातून तिरका करून खाली आणले आणि फुटपाथवर ठेवले. सकाळचे अकरा वाजले होते. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. टोचबाई हातात फडताळाची किल्ली घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक चाकाची खुर्ची आली. ढकलणारी बाई पार वाकली होती. खुर्चीत तेरा वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या घातलेली, आणि तिचे डोळे माझ्यावर, बाईंवर, टेम्पोवर सारखे भिरभिरत होते.

"बंद होतोय असं कळलं," आई म्हणाली. "हीच म्हणाली, ने मला. आता वर आणता येत नाही हो, पण खाली तरी भेट होईल म्हटलं."

टोचबाई खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "किती मोठी झालीस गं!"

भिंगरीने तोंड उघडले. मान ओढली गेली, सरळ झाली. "ते…व्हा… मी…"

"तेव्हा मी चालत होते, असं म्हणतेय," आई डोळे पुसत म्हणाली. "त्या दांड्याला धरून. विसरली नाही अजून."

भिंगरीने डोळे घट्ट मिटले. मान डावी-उजवी केली. या वेळी ती आपोआप हलली नव्हती.

"थांबा," टोचबाई आईला म्हणाल्या. "तिला बोलू द्या."

"बाई, टेम्पो उभा आहे," हमाल म्हणाला. "पोलीस येईल."

"येऊ दे. तिचं वाक्य व्हायचंय."

हमालाने खांद्यावरचे फडके काढले आणि तो माझ्या काठावर टेकला. टेम्पोवाल्याने हॉर्न थांबवला. रस्त्याने माणसे जात होती. भिंगरी एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढत होती. एक शब्द मध्येच निसटला, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्या कपाळावर घाम आला. आईचे ओठ दोनदा हलले, पण तिने ते दाताखाली दाबून धरले.

"ते…व्हा… मी… सां…ग…त… हो…ते."

 मग टोचबाईंनी आपला कापणारा हात तिच्या मिटलेल्या मुठीवर ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतीस. तीन वेळा सांगायला आलीस. मी ऐकलं नाही. तुझ्या आईची माफी मागितली मी, इस्पितळातल्या डॉक्टरांपुढे मान खाली घातली. तुझी मागायची राहिली."

भिंगरी हसली नाही. 'असू दे' म्हणाली नाही. ती फक्त बाईंकडे बघत राहिली, डोळे अजिबात न भिरभिरता. मग तिने आईला मानेने खूण केली, आणि आईने खुर्ची वळवली. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत त्या दोघींनी मागे पाहिले नाही. हमालांनी मला उचलले. टेम्पोच्या मागच्या फळीवरून मला शेवटचे दिसले ते एवढेच, की टोचबाई अजून फुटपाथवर गुडघ्यांवरच होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपल्याला जपायला सांगतात, फेकू नका म्हणतात. मी ते मागणार नाही. माझ्या फळ्यांचा कोणी बाक केला तरी चालेल, चुलीत घातल्या तरी चालेल. पण तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यावर, तुमच्या घरात कोणी असेल, ज्याला एक वाक्य बोलायला तुमच्या दहा वाक्यांएवढा वेळ लागतो, तर त्याच्यासमोर बसा. त्याचे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. तुम्हाला ते ठाऊक आहे असे वाटले, तरी घेऊ नका. कंटाळा येईल, पाय अवघडतील, मागून कोणी हॉर्न वाजवेल. तरी बसा. तो काय सांगतोय ते फक्त त्यालाच ठाऊक आहे, आणि त्याच्या शरीरात नेमके कुठे दुखते, हे तुम्हाला कळायला दुसरी वाट नाही.